ओठांआड अडलेला शब्द

पक्षाघाताने ज्याची वाचा गेली आहे अशा माणसाच्या खाटेशी बसण्याचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आलेला असेल. आजाऱ्यांच्या भेटीस जाणे हे ज्यांचे नित्याचे काम, त्या आम्हांवर तर तो वारंवार येतो. दारातच घरची माणसे सांगतात, "फादर, त्यांना सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही." मग त्या घराने शोधून काढलेली एखादी युक्ती आमच्या नजरेस पडते. एकदा डोळे मिटले की 'हो', दोनदा मिटले की 'नाही'. पाणी हवे का, कूस बदलायची का, खिडकी लावायची का, अशी प्रश्नांची माळ ओवीत सून किंवा लेक त्या ओठांआड अडलेला एक शब्द शोधीत असते. कधी तो सापडतो, कधी सापडत नाही. सापडला नाही की आजाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहते, आणि ते पाहून बाहेर पडताना आपले पाऊल जड होते.

हा अडलेला शब्द बाहेर काढण्याची खटपट विज्ञान गेली शंभर वर्षे करीत आहे. ह्या खटपटीचा इतिहास थोडक्यात सांगण्याचा आमचा मानस आहे. अलीकडे वर्तमानपत्रांत 'मन वाचणारे यंत्र' अशा मथळ्याखाली बातम्या येतात. त्या वाचून कोणाला हर्ष होतो, तर कोणाला धास्ती वाटते. दोन्ही भावना समजण्याजोग्या आहेत. परंतु यंत्र नेमके काय वाचते, कसे वाचते आणि वाचलेले खरे की खोटे हे कोण ठरविते, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे हाती आल्यावाचून हर्ष आणि धास्ती ह्या दोहोंनाही आधार नाही.

पापणीने लिहिलेले पुस्तक

आरंभ यंत्रापासून न करता माणसापासून करू. ८ डिसेंबर १९९५ रोजी फ्रान्समधील एका प्रसिद्ध साप्ताहिकाचे संपादक जाँ-दोमिनिक बोबी ह्यांना मेंदूच्या देठाशी पक्षाघाताचा झटका आला. शुद्धीवर आले तेव्हा बुद्धी शाबूत होती, स्मृती शाबूत होती. परंतु हालवता येत होती ती प्रामुख्याने डाव्या डोळ्याची पापणी. क्लोद मांदिबिल नावाची लेखनिक त्यांच्याशेजारी बसून फ्रेंच मुळाक्षरे म्हणे. हवे ते अक्षर आले की बोबी पापणी लववीत. अशा रीतीने अक्षराला अक्षर जोडून त्यांनी एक संपूर्ण पुस्तक सांगितले. मार्च १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, ९ मार्चला, बोबी हे जग सोडून गेले.

ह्या कथेतील एक बारकावा पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे. ती मुळाक्षरे नेहमीच्या क्रमाने म्हटली जात नसत. फ्रेंच भाषेत जी अक्षरे अधिक वेळा येतात ती आधी आणि क्वचित येणारी शेवटी, असा क्रम लावला होता. म्हणजे ऐकणाऱ्याने भाषेचे ज्ञान वापरून सांगणाऱ्याचे कष्ट वाचविले होते. अर्ध्या शब्दावरून पूर्ण शब्द ओळखता आला तर कष्ट आणखी वाचतात. मात्र ओळख चुकली तर आजाऱ्याच्या तोंडी भलताच शब्द पडतो. आज कृत्रिम बुद्धिमत्ता जे करते त्याचा सारांश ह्या दोन वाक्यांत आहे, आणि तिच्यातील धोकाही येथेच आहे.

येना येथील डॉक्टर

मेंदूत विजेचे सूक्ष्म प्रवाह असतात हे इंग्लंडमधील लिव्हरपूलचे डॉक्टर रिचर्ड केटन ह्यांनी १८७५ साली दाखविले. ससे व माकडे ह्यांच्या उघड्या मेंदूला तारा लावून त्यांनी ते प्रवाह मोजले. परंतु जिवंत माणसाच्या मेंदूची स्पंदने कागदावर प्रथम उतरविण्याचा मान जर्मनीतील येना विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ हान्स बेर्गर ह्यांच्याकडे जातो.

बेर्गर ह्या शोधाकडे वळले त्याचे कारण विलक्षण आहे. तरुणपणी लष्करी शिक्षण घेत असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या चाकाखाली सापडता सापडता वाचले. त्याच दिवशी घरून वडिलांची तार आली: मुलगा सुखरूप आहे ना? दूर गावी असलेल्या बहिणीला भाऊ संकटात असल्याची हुरहूर लागली होती आणि तिनेच वडिलांना तार करावयास लावले होते. एका मनाची भीती दुसऱ्या मनापर्यंत पोहोचली कशी, ह्या प्रश्नाने बेर्गर ह्यांना जन्मभर पछाडले. मनाची शक्ती मोजता यावी म्हणून ते मेंदूकडे वळले. विचार एका मेंदूतून दुसऱ्या मेंदूत कसा जातो हे त्यांना कधीच सापडले नाही. सापडले ते निराळेच.

६ जुलै १९२४ रोजी एका सतरा वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया होत असताना त्याच्या कवटीतील मोकळ्या जागेतून त्यांनी मेंदूच्या विद्युत्‌लहरी प्रथम टिपल्या. ह्या लहरी इतक्या क्षीण, की डोक्याच्या कातडीवर त्यांची शक्ती व्होल्टच्या काही दशलक्षांशांइतकीच भरते. आपण पाहतो आहोत ते खरे की यंत्राचा भास, अशी शंका बेर्गर ह्यांना पाच वर्षे सतावीत होती. आपल्या मुलाच्या, क्लाऊसच्या, डोक्यावरूनही त्यांनी नोंदी घेतल्या आणि अखेर १९२९ साली निबंध प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे दहा लाटा उठतात आणि डोळे उघडताच त्या मावळतात, हे त्यांनी दाखविले. प्रारंभी फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९३४ साली केंब्रिजचे एडगर एड्रियन व त्यांचे सहकारी मॅथ्यूज ह्यांनी तोच प्रयोग करून दाखविल्यावर जगाने बेर्गर ह्यांची दखल घेतली. आज फेफरे येणाऱ्या रुग्णाचा जो ई.ई.जी. काढतात, तो ह्याच शोधाचा वारसा होय.

ह्या कथेची दुसरी बाजू सांगितली नाही तर इतिहास अपुरा राहील. नाझी राजवटीत 'आनुवंशिक आरोग्य न्यायालये' स्थापन झाली होती. मनोरुग्ण, मतिमंद, फेफऱ्याचे रुग्ण अशांना त्यांच्या इच्छेविरुद्ध निर्बीज करावे की नाही, ह्याचा निवाडा तेथे होई. येना येथील वरिष्ठ न्यायालयात बेर्गर सदस्य म्हणून बसत. ज्यांच्या मेंदूचे स्पंदन ऐकण्यासाठी त्यांनी इतकी वर्षे जिवाचे रान केले, त्यांचे 'नाही' मात्र तेथे ऐकले गेले नाही. १९४१ साली, खोल नैराश्यात, त्यांनी स्वतःच्या हाताने आयुष्य संपविले. मेंदूची लहर टिपणे आणि माणसाचे ऐकणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली साधली म्हणून दुसरी आपोआप साधते असे नाही, हा धडा ह्या शास्त्राच्या पाळण्यातच लिहिला गेला.

कोलाहलातून एक आवाज

कवटीबाहेरून टिपलेल्या लहरींची एक मर्यादा आहे. जत्रेच्या मैदानाबाहेर, भिंतीपलीकडे उभे राहिले तर गर्दी आनंदात आहे की घाबरली आहे एवढे कळते. पण आत कोण कोणाशी काय बोलत आहे हे ऐकू येत नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. बाहेर ऐकू येतो तो त्यांचा एकत्रित कोलाहल. एकेकीचा आवाज ऐकावयाचा तर भिंतीच्या आत जावे लागते.

१९६९ साली अमेरिकेतील सिअॅटल येथे एबरहार्ड फेट्झ ह्यांनी माकडाच्या मेंदूतील एका चेतापेशीला बारीक तार लावली आणि त्या पेशीचे स्पंदन वाढले की माकडाला खाऊ मिळेल अशी योजना केली. माकड ते स्पंदन आपल्या इच्छेने वाढवू लागले! १९७३ साली लॉस एंजेलिसचे संशोधक जाक व्हिडाल ह्यांनी मेंदू आणि संगणक ह्यांच्यात सरळ दळणवळण शक्य आहे का, असा प्रश्न एका निबंधात विचारला. 'मेंदू-संगणक जोडणी' हे नाव तेथून रूढ झाले.

१९८० च्या दशकात बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अपोस्तोलोस जॉर्जोपूलोस ह्यांनी गुरुकिल्लीसारखी एक गोष्ट दाखवून दिली. हात हालवण्याचे काम पाहणाऱ्या भागातील प्रत्येक पेशीची एक आवडती दिशा असते. हात त्या दिशेला जाणार असला की ती पेशी जोराने स्पंदू लागते, विरुद्ध दिशेला जाणार असला की थंडावते. एका पेशीवरून काही ठरत नाही. परंतु ग्रामसभेत हात वर करून मते मोजावीत तशी अनेक पेशींची मते एकत्र केली, तर हात कोठे जाणार हे अचूक सांगता येते. गणिताने मेंदूची भाषा उलगडण्याचा पाया असा घातला गेला.

ज्यांनी आपले मस्तक पुढे केले

ह्यापुढचे पाऊल माणसावर टाकावयाचे होते. २००१ साली चाकूहल्ल्यात मॅथ्यू नेगल ह्या अमेरिकन तरुणाचे मानेखालचे सारे शरीर लुळे पडले. जून २००४ मध्ये ब्राऊन विद्यापीठाचे जॉन डॉनह्यू व त्यांचे सहकारी ह्यांच्या प्रयोगासाठी त्याने आपले मस्तक पुढे केले. चार मिलिमीटर लांबीरुंदीची, सुमारे शंभर सूक्ष्म सुया असलेली एक चकती त्याच्या मेंदूत बसविण्यात आली. हात हालविण्याची केवळ इच्छा करून तो संगणकाच्या पडद्यावरील बाण हालवू लागला, पत्रे उघडू लागला, दूरदर्शन संच चालू-बंद करू लागला. २००६ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. २००७ साली नेगल मरण पावला.

एप्रिल २०११ मध्ये, ह्याच प्रयोगमालेतील एका स्त्रीने यांत्रिक हात केवळ इच्छेने हालवून कॉफीची बाटली उचलली, तोंडाशी आणली आणि नळीने घोट घेतला. पक्षाघात होऊन तिला जवळजवळ पंधरा वर्षे झाली होती. तेवढ्या काळात दुसऱ्याच्या हाताविना घेतलेला तो तिचा पहिला घोट होता.

ह्या माणसांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. त्यांच्या डोक्यातून कातडीबाहेर तारांची जोडणी येत असे. जंतुसंसर्गाचे भय सदैव असे. काळ गेला की सुयांभोवती मेंदूची ऊती दाटून आवाज मंदावण्याची शक्यता असे. घरी नेऊन रोज वापरता येईल असे काही आपल्याला मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगितलेले होते. तरीही ती पुढे आली. आपल्यामागून येणाऱ्या कोणा अनोळखी आजाऱ्याला शब्द लाभावा, एवढ्यासाठी. ह्या शास्त्राच्या इतिहासात विद्वानांची नावे मोठ्या अक्षरांत छापली जातात आणि रुग्णांची नावे बहुधा दोन-तीन अक्षरी खुणांमागे झाकली जातात. ते योग्यच आहे. पण ऋण मात्र खुणेपुरते नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश

बाण हालविणे एक आणि वाक्य बोलणे दुसरे. एक वाक्य बोलताना ओठ, जीभ, जबडा आणि कंठ ह्यांतील शेकडो हालचाली क्षणाक्षणाला बदलतात. मतांची साधी मोजणी येथे अपुरी पडते. येथे कृत्रिम बुद्धिमत्ता कामास आली.

ती काय करते हे सोप्या शब्दांत असे सांगता येईल. रुग्णाला पडद्यावर एक वाक्य दाखवितात आणि ते बोलण्याचा प्रयत्न करावयास सांगतात. ओठ हालत नाहीत. पण त्यांना हालविण्याची आज्ञा मेंदूतून निघतच असते. ती आज्ञा सुया टिपतात. असे शेकडो, हजारो नमुने पाहून संगणक शिकतो, की अमुक स्पंदन उठले म्हणजे 'प' ध्वनीचा प्रयत्न, तमुक उठले म्हणजे 'म'चा. इंग्रजी बोलण्याचे असे एकोणचाळीस ध्वनी धरून तो दर काही शतांश सेकंदाला अंदाज करतो. हे अंदाज चुकतमाकत असतात. मग दुसरा एक संगणकीय सेवक पुढे येतो. भाषेचे अफाट लिखाण वाचून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक हे तो शिकलेला असतो. अस्पष्ट ध्वनींच्या ओळीतून तो सर्वांत संभवनीय वाक्य निवडतो. बोबींसाठी अक्षरांचा जो क्रम लावला होता, त्याचेच हे अजस्र रूप होय.

फळ लवकरच दिसू लागले. २०२१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील फ्रँक विलेट, जेमी हेंडरसन व कृष्णा शेणॉय ह्यांच्या प्रयोगात एका रुग्णाने मनातल्या मनात हाताने लिहिण्याचा प्रयत्न केला आणि मिनिटाला नव्वद अक्षरे पडद्यावर उमटली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथे एडवर्ड चँग ह्यांच्या चमूने पंधरा वर्षांहून अधिक काळ वाचा नसलेल्या एका गृहस्थाचे शब्द पडद्यावर आणले. शब्दसंग्रह पन्नासच शब्दांचा आणि वेग मिनिटाला पंधरा शब्दांच्या आसपास. दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, ह्याच दोन ठिकाणांहून आलेल्या निबंधांत वेग मिनिटाला बासष्ट आणि अठ्ठ्याहत्तर शब्दांवर गेला होता. अर्थात मोठा शब्दसंग्रह घेतला की चारांतला जवळजवळ एक शब्द चुकत असे. सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्ण स्त्रीला यंत्राने जो आवाज दिला तो तिच्या लग्नातील चित्रफितीतल्या तिच्याच बोलण्यावरून घडविलेला होता. शेणॉय हा दिवस पाहण्यास नव्हते. जानेवारी २०२३ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथून आलेला वृत्तान्त सर्वांत हृदयस्पर्शी आहे. ए.एल.एस. नावाचा रोग स्नायूंवरील ताबा क्रमाक्रमाने हिरावून घेतो. त्या रोगाने पंचेचाळीस वर्षांच्या एका गृहस्थाचे बोलणे इतके अस्पष्ट झाले होते की परक्याला ते समजत नसे. सर्गेई स्टॅव्हिस्की व डेव्हिड ब्रँडमन ह्यांच्या चमूने त्याच्या मेंदूत २५६ सूक्ष्म इलेक्ट्रोड बसविले. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाच्या सरावानंतर पन्नास शब्दांच्या संग्रहात जवळजवळ एकही चूक झाली नाही. पुढे सव्वा लाख शब्दांच्या संग्रहातही शंभरांपैकी सत्त्याण्णव शब्द बरोबर येऊ लागले. आपले शब्द प्रथमच पडद्यावर बिनचूक उमटलेले पाहून तो गृहस्थ रडला. आजारापूर्वीच्या ध्वनिफितींवरून घडविलेल्या त्याच्याच आवाजात यंत्र बोलले. त्याच्या लहान मुलीला बाप काय म्हणतो ते आता कळू लागले.

होकार कोणाचा?

येथे एक प्रश्न उभा राहतो. यंत्राने निवडलेले वाक्य रुग्णाचेच, हे कशावरून? भाषा जाणणारा सेवक जितका हुशार, तितका तो स्वतःचेच वाक्य रुग्णाच्या तोंडी घालण्याचा संभव अधिक. अगदी सुरेख, व्याकरणशुद्ध आणि साफ खोटे असे वाक्य!

ही भीती काल्पनिक नाही. डोळेही हालवता येत नाहीत अशा पूर्णपणे बंदिस्त झालेल्या रुग्णांचे 'हो' आणि 'नाही' मेंदूतील रक्तप्रवाहावरून ओळखता आले, असे सांगणारा एक निबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला होता. नोंदी व गणित ह्यांवर आक्षेप आले, चौकशी झाली आणि २०१९ साली तो निबंध मागे घेण्यात आला. आपला माणूस आपल्याशी बोलला, हे मानण्यासाठी कुटुंबीयांचे मन किती आसुसलेले असते हे खाटेशी बसलेल्याला ठाऊक आहे. म्हणून तर येथे घाईने केलेला दावा अधिक क्रूर ठरतो. पुढे २०२२ साली, मेंदूत सुया बसविलेल्या अशाच एका रुग्णाने सुराची पट्टी चढवून-उतरवून अक्षरे निवडली. वेग होता मिनिटाला सुमारे एक अक्षर. त्या गतीने त्याने खाण्यापिण्याच्या इच्छा सांगितल्या आणि आपल्या लहान मुलाविषयीचे प्रेम सांगितले. हा वेग मंद खरा; पण प्रत्येक अक्षराला त्याची स्वतःची संमती होती.

डेव्हिस येथील प्रयोगातही हेच तत्त्व पाळले होते. वाक्य उमटले की ते बरोबर आहे की नाही, हे तो गृहस्थ पडद्यावर नजर रोखून सांगे. आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. यंत्र करते तो तर्क. त्या तर्काचे बोलणे होते ते रुग्णाने 'हो' म्हटल्यावर. शंभर वर्षांची विद्या आणि शेकडो सुया एका बाजूला ठेवल्या, तरी अखेर सून किंवा लेक जे विचारते तेच विचारावे लागते: "हेच म्हणायचं होतं ना तुम्हांला?"

आपल्या भाषेपुरता एक विचार येथे सुचतो. तो एकोणचाळीस ध्वनींचा संच इंग्रजीचा आहे. त्यात आपला 'ळ' नाही, 'चमचा' आणि 'चार' ह्यांतील दोन निराळे 'च' नाहीत. इंग्रजी वाचून शहाणा झालेला सेवक मराठी आजीच्या मनातले "बाळ, जवळ बस" कसे ओळखणार? २०२४ साली चँग ह्यांच्या चमूने एकाच रुग्णाच्या मेंदूतून स्पॅनिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतील शब्द ओळखून दाखविले, म्हणजे वाट आहे. परंतु ज्या भाषेचे लिखित व ध्वनिमुद्रित धन थोडे, तिचा सेवक दुबळा राहणार. मराठीत लिहिणे, छापणे, घरातील वडीलधाऱ्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून जपणे, ह्याला उद्या असाही अर्थ येईल हे कालपर्यंत कोणाच्या ध्यानी नव्हते.

आतली खोली

आता धास्तीकडे वळू. आजवर सांगितलेली यंत्रे वाचीत होती तो बोलण्याचा प्रयत्न. स्नायूंना निघालेली आज्ञा. न बोललेला विचार वाचता येतो का?

२०२३ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे अलेक्झांडर हुथ व जेरी टँग ह्यांनी शस्त्रक्रियेवाचून, मोठ्या चुंबकीय यंत्रात झोपलेल्या माणसांच्या मेंदूतील रक्तप्रवाहावरून, ती ऐकत असलेल्या गोष्टींचा गोषवारा कृत्रिम बुद्धिमत्तेने काढून दाखविला. शब्द जसेच्या तसे नव्हते. आशय पुष्कळदा जुळत होता. मात्र त्यासाठी प्रत्येकाला सुमारे सोळा तास त्या यंत्रात पडून राहावे लागले होते. एकाच्या मेंदूवर शिकलेले यंत्र दुसऱ्यावर चालले नाही. आणि माणसाने मनात मुद्दाम प्राण्यांची नावे घेतली किंवा दुसरीच गोष्ट सांगितली, की यंत्र निरुत्तर झाले. म्हणजे तूर्त तरी मालकाच्या सहकार्यावाचून दार उघडत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्डहून आणखी पुढची वार्ता आली. मेंदूत सुया असलेल्या चार रुग्णांना बोलण्याचा प्रयत्न न करता शब्द मनातल्या मनात उच्चारण्यास सांगितले, तर तेही काही अंशी ओळखता आले. स्पंदने तशीच होती, केवळ अधिक क्षीण. रुग्ण पडद्यावरील आकृत्या मनात मोजत असता, बोलण्याची इच्छा नसतानाही, ते आकडे यंत्राच्या कानी पडल्याचे दिसले. संशोधकांनी हा धोका लपविला नाही. उलट त्यावर कुलूपही बसविले. एका जुन्या बालचित्रपटाचे गमतीदार नाव मनात घेतले तरच यंत्राने ऐकावयास लागावे, एरव्ही ऐकू नये, अशी ही योजना होती. ती परवलीची खूण यंत्राने शंभरांत अठ्ठ्याण्णवहून अधिक वेळा ओळखली.

किल्ली आतल्या बाजूला असावी, ही कल्पना आपल्याला नवी नाही. पापनिवेदनाच्या वेळी माणूस आपले मन स्वतः उघडतो. त्याने सांगितले तेवढेच धर्मगुरूने ऐकावे, आणि ऐकलेले त्याच्यासह थडग्यात जावे, अशी आपली शतकांची शिस्त आहे. कायदेही आता ह्या दिशेने पावले टाकू लागले आहेत. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाने २०२१ साली मेंदूतील माहितीच्या रक्षणाचे कलम थेट राज्यघटनेत घातले. २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीला माजी सिनेटरच्या मेंदूच्या साठविलेल्या नोंदी पुसून टाकण्याचा आदेश दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये युनेस्कोने ह्या तंत्रविद्येच्या नीतिनियमांविषयी शिफारस स्वीकारली.

दुसरेही एक दुःख आहे, ज्याला कुलूप पुरत नाही. ऑस्ट्रेलियात २०१० नंतर पंधरा फेफऱ्याच्या रुग्णांच्या मेंदूवर, झटका येण्याआधी इशारा देणारे उपकरण बसविले होते. त्यातील एका स्त्रीला त्या इशाऱ्याने जगण्याचा धीर आला. उपकरण आपल्याच देहाचा भाग आहे असे तिला वाटू लागले. पुढे कंपनीचा पैसा संपला. घर गहाण टाकूनही ते विकत घेण्याची तिची तयारी होती. परंतु ते तिच्या डोक्यातून काढण्यात आले. दिलेली वाचा अशी परत घेता येईल काय? मेंदूतील सुई कोणाच्या मालकीची, ह्या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियेच्या आधी लिहून ठेवावे लागेल.

बेर्गर ह्यांना एका मनाची हाक दुसऱ्या मनापर्यंत कशी जाते ते शोधावयाचे होते. शंभर वर्षांनी एवढे कळले आहे की ती वाऱ्यावरून जात नाही. ती जावी म्हणून कोणी तरी आपले मस्तक पुढे करावे लागते आणि दुसऱ्या कोणी तरी तासन्‌तास तिच्याकडे कान लावून बसावे लागते. हे यंत्र आपल्या गावच्या इस्पितळात येईपर्यंत बराच काळ जाईल. तोवर आपल्या घरातील खाटेशी तेच जुने साधन आहे: एकदा पापणी मिटली की 'हो', दोनदा मिटली की 'नाही'. तेवढ्या साधनाने बोबींचे पुस्तक झाले. आजाऱ्याचे वाक्य आपण घाईने पुरे करू नये. विचारावे, थांबावे, आणि पापणीची वाट पाहावी.